इंग्लंडच्या मंडळीत दहा महिने इंटर्नशिप: कागदपत्रांपासून मैत्रीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात बी.डी.च्या (धर्मशास्त्राच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षाला असलेला, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेला विद्यार्थी सप्टेंबरपासून दहा महिने उत्तर इंग्लंडमधल्या एका अँग्लिकन पॅरिशमध्ये (स्थानिक मंडळीत) इंटर्न म्हणून जातो आहे. आधी जाऊन आलेल्या सीनियरने त्याला सांगितलंय, "सगळे फार छान वागले, पण आपलं असं कुणी झालं नाही." तसं होऊ नये म्हणून काय करावं आणि निघण्याआधी कोणती तयारी लागते?

सीनियरला आलेला अनुभव सर्रास येतो. इंग्रज माणूस तुसडा असतो म्हणून तो येतो असं नाही. इंटर्नला पाहुणा म्हणून बोलावतात, पाहुण्यासारखं सांभाळतात आणि पाहुण्यासारखाच निरोप देतात. दहा महिने पाहुणचार झाला तर कौतुक भरपूर होतं, पण कुणी जवळ येत नाही. म्हणून पाहुण्याच्या खुर्चीतून लवकरात लवकर उठायचं, एवढ्या एकाच दृष्टीने पुढचं सगळं वाचा. याची सुरुवात विमानतळावर होत नाही, करारपत्रात होते.

करारपत्र म्हणजे मंडळीने तुम्हाला पाठवायचं दोन पानी लेखी पत्र. "या, मग बघू" असं म्हणणारी मंडळी मनाने चांगली असली तरी अशा ठिकाणी हमखास गोंधळ होतो. पत्रात आठवड्याचे तास स्पष्ट हवेत. ३५ तास योग्य, ४० च्या वर जाऊ देऊ नका, आणि संध्याकाळच्या सभासुद्धा यात मोजल्या जाव्यात. आठवड्याला एक पूर्ण सुट्टीचा दिवस हवा, आणि तो रविवार नसणार हे गृहीत धरा. व्हिकरबरोबर (पॅरिशच्या मुख्य पाळकाबरोबर) दर आठवड्याला एक तास बसून बोलणं लिहून घ्या, कारण लिहिलं नाही तर तो तास ऑक्टोबरमध्येच गळतो. राहण्याची जागा, हीटिंगचं बिल, कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर), बसचा पास, जेवण, हातखर्च यांतलं काय मंडळी देणार आणि काय तुम्ही, हे ओळीओळीने हवं. हीटिंगचा उल्लेख विशेष करून घ्या. डिसेंबर-जानेवारीत कुडकुडत बसलेला इंटर्न बहुतेक वेळा बिलाच्या संकोचापायी कुडकुडत असतो.

आणखी एक ओळ आग्रहाने मागा: मंडळीबाहेरचा एक मार्गदर्शक. शेजारच्या पॅरिशचा पाळक किंवा डायसीजमधली (बिशपच्या प्रांतातली) एखादी जबाबदार व्यक्ती चालेल. व्हिकरशीच खटका उडाला तर जायचं कुणाकडे, याचं उत्तर आधीच ठरलेलं असावं.

व्हिसाबद्दल. व्हिजिटर व्हिसावर जाऊ नका, कुणी कितीही सहज म्हणालं तरी. त्या व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण ३० दिवसांपर्यंतच स्वयंसेवा चालते. दहा महिन्यांसाठी साधारणपणे चॅरिटी वर्करचा तात्पुरता व्हिसा लागतो. तो जास्तीत जास्त १२ महिन्यांचा असतो आणि त्यात पगार घेता येत नाही, फक्त वाजवी खर्च मिळतो. काही मंडळ्या रिलिजियस वर्करचा मार्ग धरतात. कोणता मार्ग ते प्रायोजकाने, म्हणजे तुम्हाला बोलावणाऱ्या परवानाधारक संस्थेने, ठरवायचं असतं, आणि प्रायोजक म्हणजे नेहमी तुमची पॅरिशच असेल असं नाही. परवाना बऱ्याचदा डायसीजकडे किंवा एखाद्या मोठ्या संस्थेकडे असतो. म्हणून पहिलाच प्रश्न विचारा, "स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र कोण देणार?" ते प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. त्यात कामाचं जे वर्णन असेल तेच काम करायचं. संदेश देणं किंवा उपासना चालवणं अपेक्षित असेल तर ते त्या मार्गात बसतं का, हे प्रायोजकाकडून आधीच लेखी घ्या. पाळकाची रिकामी जागा चालवण्यासाठी हा व्हिसा नाही.

पैशांचं गणित इथेच चुकतं. १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. प्रायोजकाने पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी प्रमाणपत्रात नोंदवली तर ही अट सुटते, म्हणून तशी विनंती जरूर करा. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड आहे, आणि सहा महिन्यांच्या वरचा मुक्काम पूर्ण वर्ष धरला जातो. म्हणजे दहा महिन्यांनाही पूर्ण रक्कम. व्हिसा फी वेगळी. हे आकडे सरकार बदलत असतं, तेव्हा अर्जाच्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहा. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या भारतीयांना क्षयरोगाची तपासणीही लागते. ती मान्यताप्राप्त दवाखान्यातच करायची. नेहमीच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही.

पासपोर्टवरचं नाव, प्रमाणपत्रातलं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे येतं, कधी गळतं, आणि नेमकं तेवढ्यावरूनच अर्ज अडकतो.

त्याच सुमारास पासपोर्ट सेवेतून पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवा, फी ५०० रुपये. ते कशाला, तर लहान मुलांत किंवा आजारी-वृद्धांत काम करणाऱ्या प्रत्येकाची इंग्लंडमध्ये डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची पडताळणी) होते, पण त्या तपासणीत भारतातली नोंद दिसत नाही. सर्टिफिकेट नसेल तर पहिले दोन महिने तुम्ही मुलांच्या गटाच्या दाराबाहेर उभे राहाल.

सेफगार्डिंग, म्हणजे मुलांना आणि दुर्बळांना अत्याचारापासून जपणं, ही इंग्लंडच्या मंडळीतली सर्वांत कडक बाब आहे. आधीच्या पिढ्यांत झालेल्या अत्याचारांकडे मंडळीने डोळेझाक केली, त्याची जाहीर चौकशी झाली, आणि त्यातून हे नियम आले आहेत. त्यांना कागदी कटकट समजू नका. आपल्याकडे शब्बाथशाळेच्या शिक्षकाने मुलाला मांडीवर घेणं, घरी सोडायला स्कूटरवर बसवणं, वाढदिवसाला चॉकलेट देणं हे प्रेमाचं मानतात. तिथे एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, गाडीतून सोडायचं नाही, १८ वर्षांखालच्या कुणाला खासगी मेसेज पाठवायचा नाही, पालकांच्या लेखी संमतीशिवाय फोटो टाकायचा नाही. कमीत कमी दोन मोठी माणसं हवीत, आणि सर्वसाधारण प्रमाण असं: ४ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, ९ ते १२ च्या आठांमागे एक, त्यापुढच्या दहांमागे एक. एखाद्या मुलाने काही सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी पॅरिशच्या सेफगार्डिंग अधिकाऱ्याला कळवायचं.

पहिल्या आठवड्यात जीपीकडे (स्थानिक डॉक्टरकडे) नाव नोंदवा, बँक खात्याचा अर्ज टाका, कोट मात्र पुण्यात घेऊ नका. तिथल्या चॅरिटी शॉपमध्ये चांगला लोकरी कोट स्वस्तात मिळतो, आणि पुण्यातलं जॅकेट उत्तर इंग्लंडच्या ओल्या वाऱ्याला पुरत नाही. बूट पाणी न शिरणारे हवेत.

उपासनेत एक मोठा फरक जाणवेल. आपली उपासना दीड-दोन तास चालते. तिथली सकाळची प्रभुभोजनाची उपासना तासा-सव्वा तासात संपते आणि संदेश दहा-बारा मिनिटांचा असतो. दहा मिनिटं म्हणजे सावकाश इंग्रजीत १,१०० शब्द. १,६०० शब्द लिहून भराभर वाचणं ही नव्या इंटर्नची ठरलेली चूक, कारण आपल्याला लहान संदेश म्हणजे कमी तयारी वाटते. पूर्ण लिहून बुधवारपर्यंत व्हिकरला दाखवा. मध्यस्थीच्या प्रार्थना चार मिनिटांत बसवायच्या: मंडळी, जग, परिसर, आजारी, प्रभूत निजलेले (मृत). आजाऱ्यांची नावं फक्त यादीतलीच घ्या, कारण त्या नावांना त्यांच्या घरच्यांची संमती घेतलेली असते. कुणी कानात सांगितलेलं दुखणं सगळ्यांसमोर प्रार्थनेत बोलून दाखवलं, की तो माणूस पुन्हा तुमच्याशी मोकळेपणाने बोलणार नाही. मधली शांतता भरून काढू नका, ती तिथल्या प्रार्थनेचाच भाग आहे. प्याल्यात खरी वाइन असते. नको असेल तर फक्त भाकर घ्या, ते पूर्ण सहभागच मानलं जातं. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे, मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं. मार्चमध्ये हे लक्षात ठेवलं नाही तर तुमच्यावरच वाचनाची पाळी असेल आणि तुम्ही तासभर उशिरा पोहोचाल.

आता मुख्य प्रश्नाकडे. उपासना संपल्यावर मागच्या बाजूला चहा-कॉफी असते. इंटर्न कप हातात घेऊन मधोमध उभा राहतो, पंधरा माणसं येऊन "हवा कशी वाटते, जेवण जमतंय का" विचारून जातात, आणि तो थकून घरी जातो. हेच दहा महिने चालतं. त्यावर उपाय साधा आहे: दुसऱ्या आठवड्यातच चहाच्या पाळीत नाव घाला. मोठा वीस लिटरचा अर्न (चहाचं पाणी उकळण्याचं भांडं) तापायला पाऊण तास लागतो, म्हणून तो उपासनेआधीच लावायचा. कप मांडायचे, दूध जगमध्ये काढायचं, शेवटी पन्नास-साठ कप विसळायचे. ओट्याशी शेजारी उभं राहून कप पुसताना माणसं जे बोलतात ते समोरासमोर उभं राहून बोलत नाहीत. हात कामात असले की इंग्रज माणसाचा संकोच निम्म्याने उतरतो, आणि आपलाही उतरतो. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहाच्या एका पेल्यावरून लोकमान्य टिळक आणि रानड्यांवर प्रायश्चित्ताची वेळ आली होती, इतका चहाला आपल्याकडे अर्थ आहे. तिथे तो विसळण्याच्या बाजूने अनुभवा.

आमंत्रणांचं तंत्र समजून घ्या. "कधीतरी या आमच्याकडे" हे तिथे सदिच्छेचं वाक्य आहे, त्याला तारीख लागलेली नसते. आपण वाट बघत बसतो, समोरच्याला वाटतं यांना यायचं नसेल. त्याच आठवड्यात स्वतःच विचारा, "गुरुवारी संध्याकाळी जमेल का?" यात आगाऊपणा नाही, बहुतेकांना सुटल्यासारखंच वाटतं. ठरल्या वेळेआधी दार वाजवू नका, पाच-दहा मिनिटं उशीर चालतो. सोबत आणखी कुणाला नेऊ नका. चॉकलेटचा छोटा बॉक्स पुरे. दुसऱ्या दिवशी आभाराच्या दोन ओळी पाठवा, त्या तिथे मनापासून वाचल्या जातात.

ताटावर मात्र आपल्याकडची रीत उपाशी ठेवते. आपण एकदा "नको" म्हणतो, यजमान आग्रह करतो, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा घेतो. तिथे पहिल्या "नको"ला भांडं टेबलावरून उचललं जातं, कारण आग्रह करणं म्हणजे तुमच्या शब्दावर विश्वास नसणं. हवं असेल तर पहिल्यांदाच घ्या. उलट तुम्ही कुणाला जेवायला बोलावलंत तर दोनदा वाढून थांबा.

पगार किती, लग्न का नाही, मुलं का नाहीत, हे विचारू नका. बाग, कुत्रा, फुटबॉलचा संघ, सुट्टीतला प्रवास, आधीचं काम यांवर माणसं बोलतात. वयाने मोठ्यांना नावाने हाक मारणं जिभेवर येणार नाही. व्हिकरसुद्धा "मला नावानेच बोलाव" म्हणतील. महिनाभर अवघड जाईल, पण हाक मारणं टाळत राहू नका. नाव न घेता बोलणाऱ्याचं त्यांना अंतर वाटतं. त्यांचा आदर तुम्ही वेळ पाळून आणि नीट ऐकून दाखवू शकता.

गायनाच्या सरावानंतर, सभेनंतर पबमध्ये जाणं होतं. न पिणाऱ्यांनीही जावं असं माझं मत आहे. लाइम-सोडा मागा, कुणी चौकशी करत नाही. फक्त पाळीचा हिशेब कळू द्या: एक जण सगळ्यांचं घेतो, पुढचा दुसरा. चार जणांच्या पाळीत शिरलात तर एकदा चौघांचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील. खिसा परवडत नसेल तर सुरुवातीलाच "माझं मी घेतो" म्हणा.

मैत्री कुणाशी होईल याबद्दलची अपेक्षाही तपासा. पॅरिशमध्ये तुमच्या वयाची मुलं बहुधा मोजकीच असतील. सत्तरीतले निवृत्त स्त्री-पुरुष पुष्कळ असतील, त्यांच्याकडे वेळ असतो, आणि खरी जिव्हाळ्याची नाती बऱ्याचदा त्यांच्यात जुळतात. दुसरा गट बाहेरून आलेल्यांचा. केरळी नर्सेस, नायजेरियन कुटुंबं, २०२१ पासून नव्या व्हिसावर आलेले हाँगकाँगचे लोक, आश्रय मागणारे इराणी. यांच्याशी पहिल्याच महिन्यात गट्टी जमते, कारण थंडी, मसाले आणि घरची आठवण समान असते. ही मैत्री कमअस्सल समजू नका, पण फक्त तिच्यातच राहू नका. इराणी मित्रांबाबत एक सावधगिरी: त्यांचे फोटो, बाप्तिस्म्याची बातमी, मूळ गाव यांतलं काहीही समाजमाध्यमांवर टाकायचं नाही, कारण त्याची झळ त्यांच्या मागे राहिलेल्या घरच्यांना लागू शकते. त्यांच्या आश्रयाच्या अर्जासाठी कुणी तुमच्याकडे पत्र मागितलं तर ते व्हिकरकडे न्या, स्वतः सही करू नका.

समवयस्क हवे असतील तर जवळच्या विद्यापीठाची चॅप्लन्सी (विद्यार्थ्यांसाठीचं ख्रिस्ती सेवाकेंद्र), मंडळीचा गायनवृंद, आणि मनोऱ्यात घंटा असतील तर घंटा वाजवणाऱ्यांचा गट. हा शेवटचा मार्ग फारसं कुणी सुचवत नाही, पण आठवड्यातून एक संध्याकाळ त्याच सहा-आठ माणसांबरोबर घालवायला याहून चांगलं काही नाही. इंग्लंडमध्ये घंटा पूर्ण फेरीत उलटीपालटी फिरवून ठरावीक क्रमाने वाजवतात. प्रत्येक घंटेला एक माणूस. दोराच्या लोकरी गुंडाळ्याला हात कधी लावायचा आणि कधी सोडायचा हे शिकायला काही आठवडे एकट्याने शिकवणी लागते. चुकीच्या क्षणी धरून ठेवलं तर दोर माणसाला वर खेचतो, म्हणून शिकवणाऱ्याचा हात शेजारी असेपर्यंत घाई नको. एकदा जमलं की देशातल्या कुठल्याही मनोऱ्यात सरावाला गेलं तरी स्वागत होतं. आपल्या पुण्यातही पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात आठ घंटांचा असा संच आहे. ही ओळख तिथल्या लोकांना सांगा, पहिल्या संध्याकाळचा विषय तिथेच मिळतो.

नोव्हेंबर ते जानेवारी हा कठीण काळ. डिसेंबरच्या मध्यावर उत्तर इंग्लंडमध्ये चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. नवलाई संपलेली असते, ओळखी अजून वरवरच्या असतात. याच काळात इंटर्न खोलीत बसून रोज दोन-तीन तास घरी व्हिडिओ कॉल करतो, आणि मग मैत्रीला संध्याकाळच उरत नाही. घरच्यांशी ठरलेली वेळ ठेवा. रविवारी तिथल्या दुपारी तीन वाजता फोन केला तर आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. आठवड्यात आणखी एक-दोन कॉल. एवढ्यावर राहिलात तर बरं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी युद्धात पडलेल्यांचं स्मरण होतं. लाल पॉपी, अकराला दोन मिनिटांची शांतता. याला परक्याचा कार्यक्रम मानू नका. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक होते. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातल्या कूत इथे शरण गेलेल्या फौजेचं नावच सहावी पूना डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, नगरकडच्या कित्येक गावांत "या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले" अशा दगडी पाट्या आजही भिंतीत आहेत. तुमच्या तालुक्यातली अशी पाटी निघण्यापूर्वी शोधा, फोटो घेऊन ठेवा. ज्यांचा आजोबा त्याच युद्धात गेला अशा वृद्ध माणसाला तो दाखवला, की बोलणं हवामानाच्या पलीकडे जातं.

डिसेंबरात क्रिस्टिंगलची उपासना येते. इंग्लंडच्या मंडळीत ही प्रथा १९६८ पासून रुळली. मुलांच्या हातात संत्रं, त्यात मेणबत्ती. संत्रं म्हणजे जग, लाल फीत म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, चार काड्या म्हणजे चार ऋतू, त्यांवरचे मनुके-गोळ्या म्हणजे भूमीचा उपज, मेणबत्ती म्हणजे जगाचा प्रकाश. तयारीच्या बैठकीला जाच. ८० संत्र्यांना ३२० काड्या लागतात, चार जणांना दोन तास सहज जातात. टणक, मध्यम संत्री घ्या. मऊ सालीची घेतली तर रस गळतो. डोक्यावर सुरीच्या टोकाने लहान फुली मारायची. भोक पाडू नका, भोक मोठं झालं की मेणबत्ती कलते. सात-आठ सेंटिमीटरचा चौकोनी फॉइलचा तुकडा ठेवून त्यावरून मेणबत्ती दाबायची, म्हणजे वितळलेलं मेण हातावर येत नाही. मधोमध लाल फीत, मग चार काड्या, आणि काडीचं टोक गोळीच्या बाहेर येऊ द्यायचं नाही. आदल्या दिवशीच करा, त्याआधी नको, बुरशी येते. उपासनेत धोका असतो पुढच्या मुलाच्या केसांचा. लांब केस बांधायला सांगायचे, मुलांमध्ये अंतर ठेवायचं, पाण्याची बादली आणि अग्निरोधक ब्लँकेट हाताशी. फॉइलचे तुकडे कापत बसलेल्या त्या चार जणांपैकी दोघांशी जानेवारीत तुमचं घरी येणं-जाणं सुरू झालेलं असेल, याची शक्यता चांगली आहे.

नाताळच्या दिवसाबद्दल आधीच सावध करतो. आपला नाताळ वाड्यावस्तीवर होतो, दार उघडं, फराळाची ताटं फिरत असतात. तिथे सकाळची उपासना साडेअकरापर्यंत संपते, सगळे आपापल्या घरी जातात आणि रस्ते सुनसान होतात. २५ डिसेंबरला रेल्वे बंद, बहुतेक ठिकाणी बसही नाही. आदल्या आठवड्यात सगळ्यांना वाटत असतं की इंटर्नला दुसऱ्या कुणीतरी बोलावलंय. म्हणून नोव्हेंबर संपायच्या आत व्हिकरला सरळ विचारा, "नाताळच्या दुपारी मी कुणाकडे असेन?" असं विचारण्यात कसलीही लाज नाही.

आणि तुमच्याकडूनही काही जाऊ द्या. नाताळआधीच्या आगमनकाळातल्या एका शनिवारी दुपारी चार-पाच जणांना करंज्या करायला बोलवा. खायला नव्हे, करायला. मैदा, बारीक रवा, सुकं खोबरं, खसखस, वेलची सगळं तिथल्या आशियाई दुकानात मिळतं. अर्धा किलो मैद्यात तीसेक करंज्या होतात. सारण आदल्या रात्री करून ठेवा, लाटणं-भरणं-कातणं सगळ्यांनी मिळून, तळणं तुमच्याकडे. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. फोडणीलाही तो वाजतो, आणि त्याची बॅटरी काढून ठेवणं हा तिथे गंभीर प्रकार समजतात. मंडळीच्या सामुदायिक जेवणाला काही नेलंत तर आठ-दहा जणांपुरतं न्या, मिरची निम्मी, आणि चिठ्ठीवर घटक लिहा. खाद्यपदार्थांत १४ ॲलर्जीकारक घटकांची दखल घेतली जाते. शेंगदाणा, तीळ, गहू, दूध आपल्या फराळात सर्रास असतात. चिवड्यातल्या दाण्याने कुणाचा श्वास अडकू शकतो.

लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) घरोघरी सहा-आठ जणांचे छोटे गट पाच-सहा आठवडे भेटतात. तोवर तुमची भीड चेपलेली असते. एक बैठक स्वतःच्या खोलीत घ्या. रेव्ह. ना. वा. टिळकांची एखादी भक्तिरचना मराठीतून म्हणा आणि अर्थ सांगा. 'उपासना संगीत' या मराठी गीतपुस्तकाची छोटी प्रत सामानात असू द्या.

पैसा हा या मैत्रीतला सर्वांत नाजूक भाग. तुम्हाला भारतातल्या कामावर बोलायला सांगतील. आपल्या मंडळीतल्या गरिबीचे फोटो दाखवू नका. त्या लोकांची त्याला संमती नसते, आणि त्या क्षणापासून ऐकणारे दाते होतात, तुम्ही मागणारे. मग कुणी मनापासून म्हणेल, "तुमच्या देवळाच्या छपरासाठी दोनशे पौंड तुझ्या खात्यात पाठवतो." नम्रपणे नाही म्हणा. परदेशी निधी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) २०१० खालची नोंदणी लागते, आणि तो स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावा लागतो. तुमच्या बचत खात्यातून तो पैसा मंडळीच्या कामाला लावणं कायद्यात बसत नाही, आणि त्रास पास्टरेट कमिटीला (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीला) होतो. देणाऱ्याला थेट डायसीजशी जोडून द्या आणि स्वतः बाजूला व्हा. ज्यांना घरी भेट देता त्या वृद्धांकडूनही रोख रक्कम घेऊ नका. छोटी वस्तू दिली तर घ्या आणि व्हिकरला सांगून ठेवा.

समवयस्क मुलामुलींत कॉफीच्या आमंत्रणाचा अर्थ दोघांना वेगवेगळा वाटू शकतो. मनात संदिग्धता असेल तर लवकर आणि सरळ बोला. ज्या व्यक्तीची तुम्ही मंडळीतर्फे काळजी घेता आहात तिच्याशी प्रेमसंबंध नको, हा नियम आहे आणि तो योग्य आहे.

रंगावरून, उच्चारावरून टोचणारं बोलणंही वाट्याला येईल. बरंचसं अज्ञानातून येतं, काही तसं नसतं. दोन्ही गिळून बसू नका. तारीख, शब्द, कोण होतं, एवढं लिहून ठेवा आणि त्या बाहेरच्या मार्गदर्शकाशी बोला. जवळच्या एखाद्या इंग्रज मित्रालाही सांगा. तो ऐकून कसा वागतो यावरून मैत्री किती पाण्यात आहे ते कळेल.

जूनमध्ये निरोपाच्या वेळी पन्नास जणांना "संपर्कात राहू" म्हणाल, आणि ते राहणार नाही. तीन-चार माणसं निवडा आणि त्यांच्याशी महिन्याची वेळ ठरवून या. त्यांतलं कुणी भारतात यायचं म्हणालं तर आनंदाने बोलवा, पण दोन गोष्टी आधीच कळवा. पर्यटक व्हिसावर उपासनेला बसायला हरकत नाही, पण संदेश देणं, धर्मप्रचाराचं भाषण करणं किंवा पत्रकं वाटणं चालत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. प्रेमापोटी आपले पाळकसाहेब त्यांना "दोन शब्द बोला" म्हणून पुढे बोलावतील, त्यांना आदल्या दिवशीच कल्पना द्या. आणि पाहुणा तुमच्या घरी उतरणार असेल तर तो आल्यापासून २४ तासांत परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची नोंद करणारा सरकारी फॉर्म (फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा) ऑनलाइन भरावा लागतो, हॉटेलप्रमाणे घरालाही तो लागू आहे. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो त्यांच्याकडून निघण्याआधीच मागवून ठेवा, म्हणजे पहिल्या संध्याकाळी गावात नेटवर्क नसलं तरी तालुक्याच्या ठिकाणी जाऊन कुणीतरी तो भरू शकेल.